शेवटी बोलणाऱ्याचे शहाणपण

डॉक्टरांच्या स्मरणिकेत पोकरवर लेख, आणि तोही एका बालरोगतज्ज्ञाने लिहिलेला, हे पाहून काही ज्येष्ठ सभासदांच्या कपाळाला आठी पडेल याची मला कल्पना आहे. म्हणून प्रारंभीच दोन गोष्टी स्पष्ट करते. पहिली, मी आजवर एक रुपयाही लावून पत्ते खेळलेले नाही. दुसरी, कोणी तसे खेळावे असेही मला सुचवायचे नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगारच ठरवला आहे आणि २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला आहे. श्रावणातल्या सातम-आठमीला आपल्या बडोद्यात कुठे काय चालते हा विषय निराळा. मला लिहायचे आहे ते पोकरमधल्या एका तत्त्वाविषयी. ते मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी उमगले, आणि उमगले तेव्हा माझ्याच हातून पंचवीस वर्षांपूर्वी घडलेली एक चूक प्रथमच स्वच्छ दिसली.

दोन वर्षांपूर्वी मुलाकडे ह्यूस्टनला दीड महिना राहण्याचा योग आला. शनिवारी रात्री त्याची मित्रमंडळी जेवायला जमत आणि जेवणानंतर टेबल पुसून पोकरचा डाव मांडला जाई. टेक्सासमध्ये पोकर म्हटले की ‘टेक्सास होल्डेम’ हा प्रकार गृहीतच असतो. त्या राज्याच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउन नावाच्या लहानशा गावाला या खेळाचे जन्मस्थान म्हणून रीतसर मान्यता दिली आहे. माझ्यासाठी खास सवलत म्हणून पैशांऐवजी राजम्याचे दाणे आले. लहानपणी मेंढीकोट, तीन-दोन-पाच आणि लग्नानंतर सासरच्या मंडळींबरोबर रमी, इतक्या अनुभवाच्या बळावर मी बसले आणि पहिल्याच रात्री दोन वाट्या राजमा हरले.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती फक्त त्यानेच पाहायची. मग टेबलाच्या मध्यभागी सर्वांच्या मालकीची पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात. आधी एकदम तीन, मग एक, मग आणखी एक. आपली दोन आणि ही पाच अशा सातांतून उत्तम पाच पानांचा संच करायचा. प्रत्येक टप्प्यापूर्वी आणि शेवटचे पान उघडल्यावर बोली होते. आपली पाळी आली की रक्कम लावायची, समोरच्याने लावलेली स्वीकारायची, ती वाढवायची किंवा पाने टाकून डावातून बाहेर पडायचे. कोणी काही लावले नसेल तर नुसते ‘पुढे’ म्हणूनही चालते. बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. टेबलावर एक पांढरी चकती असते, तिला ‘बटन’ म्हणतात. बटन ज्याच्यापुढे असेल त्याच्या डावीकडच्या दोघांना पाने पाहण्याआधीच सक्तीची रक्कम लावावी लागते. पहिल्या फेरीत त्या दोघांच्या पुढचा खेळाडू सर्वांत आधी बोलतो. मधली पाने उघडू लागली की बटनवाला प्रत्येक फेरीत सर्वांत शेवटी बोलतो. खेळाचे नियम एवढेच. पण ‘शेवटी बोलतो’ या दोन शब्दांत अर्धा खेळ सामावलेला आहे, हे मला ठाऊक नव्हते.

तिसऱ्या शनिवारी मुलगा म्हणाला, “आई, तू पाने बरी ओळखतेस. पण तू जागा पाहून खेळत नाहीस.” मला एक्का आणि गुलाम आला की मी हरखून दाणे पुढे सरकवीत असे, मग मी पहिली बोलणारी असो वा शेवटची. त्याने मला समजावले, की नऊ जणांच्या टेबलावर पहिल्याने बोलणाऱ्याच्या मागे आठ जण बोलायचे शिल्लक असतात. त्या आठांपैकी कोणाकडे एक्क्यांची जोडी आहे, कोणाकडे एक्का-राजा आहे, याचा त्याला पत्ता नसतो. बावन्न पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांतल्या एक्क्यांच्या फक्त सहा, म्हणजे २२१ वेळांतून एकदा. एकट्या माणसाच्या बाबतीत हे दुर्मीळच. पण न बोललेली माणसे आठ असली की कोणाकडे तरी आपल्याहून सरस काही निघण्याची भीती आठपट होते. तेच एक्का-गुलाम बटनावर बसलेल्याला आले, तर त्याने तोवर सहा जणांना पाने टाकताना पाहिलेले असते आणि चिंता करायला फक्त दोघे उरतात. पाने तीच, माणूस तोच. बदलली ती केवळ खुर्ची. म्हणून जाणकार खेळाडू पहिल्या खुर्चीवरून मोजकीच भक्कम पाने खेळतो आणि बटनावर आल्यावर साधारण पानेही निर्धास्त खेळतो.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती मला अधिक महत्त्वाची वाटली. हातात जोडी नसलेल्या दोन पानांना मधली तीन पाने उघडल्यावर जोडी जुळते ती साधारण तीनांतून एकदाच. म्हणजे बहुतेक वेळा कोणाकडेच काही नसते. समजा मध्ये राजा, सत्ती आणि दुर्री उघडली. माझ्याकडे काही नाही, समोरच्याकडेही काही नाही. मी आधी बोलायचे आहे. लावू तरी भीती, न लावू तरी दुबळेपणा उघडा पडतो. मी ‘पुढे’ म्हणते. आता समोरच्याला माझ्याविषयी एक बातमी मिळाली आणि मला त्याच्याविषयी एकही नाही. तो चार दाणे लावतो, मी पाने टाकते, डाव त्याचा. त्याने मला हरवले ते पानांनी नव्हे, पाळीने. शेवटी बोलणाऱ्याचा आणखी एक लाभ असा, की त्याला मनात आले तर कोणतीही रक्कम न लावता पुढचे पान फुकट पाहता येते. त्याच्याजवळ आणि मध्ये मिळून चार बदाम झाले असतील, तर पाचवा बदाम पुढच्याच पानात येण्याची शक्यता जवळजवळ पाचांत एक. ते पान फुकट पाहायचे की किंमत मोजून, हे शेवटच्या खुर्चीवरचा ठरवतो. पहिल्या खुर्चीवरच्याला तो अधिकार नाही.

आपल्याकडच्या पत्तेवाल्यांना हे अगदीच नवीन नाही. मेंढीकोटात चौथ्या हाताला बसलेला गडी तिघांची पाने पाहून मगच मेंढी टाकतो, आणि घरातला सगळ्यात लहान भाचाही तिथे बसला की हुशार वाटू लागतो. पोकरने त्या चौथ्या हाताचे शास्त्र केले इतकेच.

या शास्त्राची मोठी साक्ष नॉर्वेच्या ॲनेट ओब्रेस्टाड या मुलीने दिली. २००७ मध्ये, अठरा वर्षांची असताना, तिने १८० खेळाडूंची एक छोटी ऑनलाइन स्पर्धा आपली पाने झाकून ठेवून जिंकली. संपूर्ण स्पर्धेत आपण केवळ एकदाच पाने पाहिली असे तिने सांगितले. बाकी सर्व वेळ ती आपली जागा आणि इतरांचे वागणे एवढेच पाहत होती. त्याच वर्षी लंडनमधली मोठी स्पर्धा, आपल्या एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जिंकून तिने दहा लाख पौंड मिळवले. ही हकिकत मुलाच्या तोंडून ऐकताना टेबलावरचे सगळे हसत होते. मला मात्र हसू येईना. मला एक प्रश्न पडला होता. पाने न पाहता, केवळ खुर्चीच्या बळावर, आपण आजवर किती डाव जिंकलो?

आता मी माझ्या चुकीकडे वळते.

१९९८ ची गोष्ट. एम. डी. होऊन मला फार वर्षे झाली नव्हती, दवाखाना नवा होता आणि आत्मविश्वासाची वाण नव्हती. शहराच्या जुन्या भागातून एक आई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. तापाचा सहावा दिवस. गल्लीतल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासून पॅरासिटामॉल दिले होते. ताप उतरला नाही तर परत आणा, असेही सांगितले होते. आईने परत न जाता थेट माझ्याकडे आणले होते. मी पोट तपासले, बरगडीखाली प्लीहेचे टोक बोटाला लागले, जीभ मळकट होती. रक्ताचे कल्चर पाठवले, त्यात टायफॉइडचे जंतू निघाले, मूल बरे झाले. इथवर सर्व पाठ्यपुस्तकाप्रमाणे. पण प्लीहा हाताला लागताच माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेले होते, “इतके दिवस काय पाहत होते तुमचे डॉक्टर?”

वाक्य एवढेच. मी ते विसरलेही. सात-आठ महिन्यांनी एका पहाटे तीच आई दीड वर्षाच्या मुलीला खांद्यावर टाकून दवाखान्याच्या पायरीवर उभी होती. रात्री अकरापासून जुलाब आणि उलट्या. मुलीचे डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली की तशीच राहत होती, नाडी हाताला लागत नव्हती. शिरेतून सलाइन सुरू करायला मला जी काही मिनिटे लागली तेवढी लांब मिनिटे मी पुन्हा अनुभवलेली नाहीत. मुलगी वाचली. दुपारी ती आईच्या मांडीवर बसून पाणी मागू लागल्यावर मी जरा रागानेच विचारले, की तुमच्या गल्लीत डॉक्टर आहेत, ते रात्री दारही उघडतात, तिथे का नाही गेलात? वेळेवर क्षारसंजीवनी पाजली असती तर इतकी वेळच आली नसती. ती बाई खाली मान घालून म्हणाली, “बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, की त्यांना काही कळत नाही म्हणून?”

मी तसे म्हटले नव्हते. पण तिने ऐकले ते बरोबरच ऐकले होते.

पुढच्या आठवड्यात मी त्या डॉक्टरांना जाऊन भेटले. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. मी चाचरत क्षमा मागितली. त्यांनी आधी चहा मागवला आणि मग म्हणाले, “डॉक्टरबाई, तुम्ही पाहिलंत ते सहाव्या दिवशीचं मूल. मी पाहिलं ते दुसऱ्या दिवशीचं. दोन वेगळी मुलं होती ती.” तेव्हा मला वाटले, की हा एका सज्जन माणसाचा मोठेपणा. पंचवीस वर्षांनी ह्यूस्टनच्या त्या टेबलावर राजम्याच्या ढिगासमोर बसल्यावर उमजले, की त्यात मोठेपणा तर होताच, पण ते वाक्य शास्त्रशुद्धही होते. टायफॉइडमध्ये प्लीहा हाताला लागते ती बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस. दुसऱ्या दिवशी ती कोणाच्याच बोटाला लागली नसती, माझ्याही नाही. ते पहिल्या खुर्चीवर बसले होते, मी बटनावर. मधली पाने माझ्यासाठी उघडून ठेवली होती आणि मी ती माझ्या हातची समजत होते.

आपल्या व्यवसायात असे रोज घडते. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बाळांना होणारा रोझिओला घ्या. तीन ते पाच दिवस सणसणीत ताप, अंगावर काही नाही, आणि ताप उतरला की गुलाबी पुरळ. पहिल्या दिवशी पाहणारा डॉक्टर ‘विषाणूचा ताप’ म्हणतो आणि अडाणी ठरतो. चौथ्या दिवशी ज्याच्याकडे नेले त्याच्या औषधाचा ‘गुण’ येतो. गोवराचे पुरळ साधारण चौथ्या दिवशी उमटते. डेंग्यूत सुरुवातीच्या दिवसांत एनएस-वन तपासणी उपयोगी, प्रतिद्रव्ये दिसू लागतात ती पाचव्या दिवसाच्या आसपास, आणि खरा धोका ताप उतरू लागतो तेव्हाचा. अपेंडिक्सची वेदना आधी बेंबीभोवती असते आणि काही तासांनी उजवीकडे सरकते. जो उशिरा पाहतो त्याला रोग स्वतः होऊन आपले नाव सांगतो. आपल्यात जुना विनोद आहे, की पॅथॉलॉजिस्टला सर्व काही कळते, पण एक दिवस उशिरा. त्याच्या खुर्चीइतकी शेवटची खुर्ची टेबलावर दुसरी नाही.

पोकर आणि आपला व्यवसाय यांत मात्र एक मोठा भेद आहे, आणि माझे मत त्या भेदावरच आधारलेले आहे. पोकरमध्ये प्रत्येक डावानंतर बटन एक घर पुढे सरकते. रात्रभरात प्रत्येकाला पहिली खुर्चीही मिळते आणि शेवटचीही. म्हणून तिथे कोणी खुर्चीच्या लाभाला आपली बुद्धिमत्ता समजत नाही. आपल्याकडे बटन सरकत नाही. गल्लीतला डॉक्टर कायमचा पहिल्या खुर्चीवर, आम्ही विशेषज्ञ कायमचे शेवटच्या, आणि आमच्याहीनंतर मोठ्या रुग्णालयातले अतिविशेषज्ञ. पोकरवाले म्हणतात, की टेबलावरचा पैसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाहतो, म्हणजे आधी बोलणाऱ्याकडून नंतर बोलणाऱ्याकडे. आपल्या टेबलावर पैसाही तसाच वाहतो आणि प्रतिष्ठाही. वर्षानुवर्षे एकाच दिशेने वाहत राहिले, की शेवटच्या खुर्चीवरच्याला वाटू लागते की आपण मुळातच थोर, आणि रुग्णाला वाटू लागते की पहिल्या खुर्चीकडे जाण्यात वेळ घालवू नये. मग रात्री अकराचे जुलाब पहाटे सहाला शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतात.

मग जागेचा लाभ घेऊच नये का? जरूर घ्यावा. तो न घेणारा खेळाडू मूर्ख आणि न घेणारा डॉक्टर निष्काळजी. प्रश्न तो कसा घ्यावा, एवढाच आहे.

शेवटच्या खुर्चीवरच्याने प्रथम आधीचे सर्व बोल नीट ऐकावेत. आधीच्या डॉक्टरांचा कागद बाजूला सारून ‘तुम्ही नव्याने सांगा’ म्हणणारा विशेषज्ञ हा बटनावर बसून डोळे मिटून घेणाऱ्या खेळाडूसारखा आहे. कोणत्या दिवशी काय होते, कोणत्या औषधाने काय झाले नाही, हीच तर त्याची पुंजी. दुसरे, निदान सांगताना दिवसाचे श्रेय दिवसाला द्यावे. “आता सहावा दिवस आहे म्हणून हे दिसते आहे, तुमच्या डॉक्टरांनी पाहिले तेव्हा हे दिसणे शक्य नव्हते,” या एका वाक्याला तीस सेकंद लागतात. १९९८ पासून मी ते वाक्य अपराधीपणाने म्हणत आले, आता समजून म्हणते. तिसरे, आपले मत लेखी स्वरूपात पहिल्या डॉक्टरांना कळवावे. २००२ च्या आपल्या आचारसंहितेतही विशेषज्ञाने असे लेखी कळवावे अशी अपेक्षा नोंदवलेली आहे. आपल्यापैकी किती जण ती पाळतात, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

पहिल्या खुर्चीवरच्या व्यवसायबंधूंनाही मला काही सांगायचे आहे, कारण ते निरुपाय नाहीत. पहिल्याने बोलणारा चांगला खेळाडू मोजके बोलतो. दुसऱ्या दिवशीच्या तापाला छातीठोकपणे नाव देऊन तीन औषधे लिहिणे म्हणजे आठ जण मागे असताना एक्का-गुलामावर सगळे दाणे लावणे. त्यापेक्षा पालकांना पुढची पाने आधीच सांगून ठेवावीत. ‘ताप तीन दिवस राहू शकतो. चौथ्या दिवशी पुरळ आले तर घाबरू नका, मला दाखवा. पोट सतत दुखले, वारंवार उलट्या झाल्या, मूल सुस्त झाले, हिरड्यांतून रक्त आले किंवा लघवी कमी झाली तर रात्रीही या. काहीच झाले नाही तरी परवा दाखवायला आणा.’ या ‘परवा आणा’ मध्ये सारे मर्म आहे. मूल परवा त्यांच्याकडेच परत आले, की बटन त्यांच्यापुढे येते. पोकरमध्ये खुर्ची आपल्या हाती नसते. आपल्या व्यवसायात तोच डॉक्टर आधी पहिला आणि मग शेवटचा बोलणारा होऊ शकतो, जर पालकांचा विश्वास मधल्या दोन दिवसांत टिकला तर. आणि तो टिकवणे किंवा उधळणे आम्हा शेवटच्या खुर्चीवरच्यांच्या जिभेवर अवलंबून आहे.

फुकटचे पान पाहण्याचेही शास्त्र झाले आहे. मध्यकर्णदाहाबाबत अमेरिकन बालरोग अकादमीने २००४ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये जे मार्गदर्शन केले, त्यात निवडक, सौम्य आजाराच्या मुलांना लगेच प्रतिजैविक न देता ४८ ते ७२ तास लक्ष ठेवण्याचा पर्याय आहे. अट अशी, की पुन्हा तपासणीची खात्रीशीर व्यवस्था हवी. हे जागेचा लाभ घेणेच होय. पण पान प्रत्येक वेळी फुकट नसते, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप, मान ताठ झालेले मूल, कातडीखाली न विरणारे जांभळे ठिपके, नाडी न लागणारे मूल, इथे पुढच्या पानाची किंमत तासागणिक वाढते. तिथे जागा पाहायची नसते, लगेच कृती करायची असते. पहिल्या खुर्चीवरच्याने तिथे भीडभाड न बाळगता मूल तडक पुढे पाठवावे, आणि असे पाठवलेले मूल सुदैवाने ठीक निघाले तर शेवटच्या खुर्चीवरच्याने हसू नये.

यावर काही सहकारी म्हणतील, की बाई, तुम्ही एकमेकांच्या चुकांवर पांघरूण घालायला सांगता आहात. तसे मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी प्लीहा न लागणे ही चूक नव्हे, पण सहाव्या दिवशी पोटाला हातच न लावणे ही चूक आहे. तापाच्या मुलाला उगाच स्टेरॉइड टोचणे ही चूक आहे. अशी चूक रुग्णापासून लपवू नये आणि त्या डॉक्टरांनाही तोंडावर सांगावी. माझे म्हणणे एवढेच, की निवाडा करण्यापूर्वी समोरचा कोणत्या खुर्चीवर होता आणि तेव्हा कोणती पाने उघडली होती, हे आधी पाहावे. न उघडलेल्या पानांबद्दल कोणाला दोषी धरणे हे शास्त्रात बसत नाही आणि सौजन्यातही नाही. पुराव्याचा अभाव आणि लक्ष न देणे यांतला भेद आपणच ओळखला नाही, तर पालक, पत्रकार आणि न्यायालय यांच्याकडून तो ओळखला जावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आज दवाखान्यांवर जे हल्ले होतात, त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी कोणा शेवटच्या खुर्चीवरच्या व्यावसायिकाचे असेच एखादे सहज निघून गेलेले वाक्य असावे, अशी मला दाट शंका आहे.

यासाठी मंडळापुढे एक छोटीशी सूचना ठेवते. आपण सर्वांनी केसपेपरवर आणि पुढे पाठवण्याच्या चिठ्ठीवर उजव्या कोपऱ्यात, तारखेच्या शेजारी, ‘आजाराचा दिवस’ असे एक घर छापून घ्यावे आणि त्यात आकडा लिहावा. दिवस २. दिवस ६. खर्च काही नाही. पण तो आकडा पालकांना दिसेल, पुढच्या डॉक्टरांना दिसेल, आणि उद्या प्रसंग आलाच तर न्यायाधीशांनाही दिसेल. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, तोंडातून अविचारी वाक्य निघण्यापूर्वी तो आपल्यालाच दिसेल. माझ्या दवाखान्यात हे घर गेली दोन वर्षे आहे. दोन-तीनदा तरी त्याने माझी जीभ आवरली आहे.

एक गंमत सांगून थांबते. बटनाची पांढरी चकती येण्यापूर्वी अमेरिकेतल्या जुन्या पोकरमध्ये पाने वाटण्याची पाळी कोणाची हे दाखवायला एखादी वस्तू पुढे ठेवीत, बहुधा हरणाच्या शिंगाच्या मुठीचा चाकू. तिला ‘बक’ म्हणत. ज्याला पाळी नको असेल तो ती पुढच्याकडे सरकवी. जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्याला इंग्रजीत जो वाक्प्रचार आहे तो यातूनच आला असे मानतात. अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी आपल्या टेबलावर एक पाटी ठेवली होती, तिचा आशय असा, की ही वस्तू येथून पुढे सरकत नाही. तेही पोकरचे शौकीन होते. आपल्या टेबलावर ती शेवटच्या खुर्चीपुढे थांबते, म्हणजे आमच्यासारख्या विशेषज्ञांपुढे. सर्व पाने पाहून बोलण्याची सोय आम्हाला मिळाली आहे, तर पहिल्याने बोलणाऱ्याची पत राखण्याची जबाबदारीही आमचीच.

ज्यांनी मला चहा पाजून ते वाक्य ऐकवले ते डॉक्टर आता हयात नाहीत. त्यांच्या गल्लीतला दवाखाना त्यांची सून चालवते. तिच्याकडून माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर उजव्या कोपऱ्यात दिवसाचा आकडा असतो. ते घर छापून घ्यायला मी तिला कधी सांगितले नव्हते. सासऱ्यांची सवय, असे ती म्हणाली.